स्टिअरिंग आलं, रस्ता यायचाय

मागच्या वेळी लिहिलं होतं की घरात सोळा ते वीस वयाचं कुणी गाडी शिकत असेल तर प्रश्न पाठवा, आणि इतके आले की सगळे घेणं शक्यच नाही. बरेचसे फिरून फिरून एकाच जागी येतात, म्हणजे क्लास झाला, टेस्ट झाली, लायसन्स हातात आलं, आता सोडायचं का एकट्याला? त्यातले काही निवडलेत, लांबलेले थोडे कापलेत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न : मुलाला नुकतीच अठरा पूर्ण झाली. क्लास लावला होता, टेस्ट पहिल्याच फटक्यात पास झाला, क्लासवाले म्हणाले हात एकदम साफ आहे. तरी मी शेजारी बसले की माझा जीव नुसता खालीवर होत असतो. तो म्हणतो तू उगाच घाबरतेस आणि मला पण टेन्शन देतेस. माझंच काही चुकतंय का?

उत्तर : तुमचं काही चुकत नाहीये ताई, आणि गंमत म्हणजे मुलगा म्हणतो तेही खोटं नसणार, त्याचा हात खरंच बसला असेल. क्लच, गिअर, वळण, रिव्हर्स, पार्किंग हे सगळं या वयात पटकन उचललं जातं, आपल्यापेक्षा कितीतरी लवकर. पण गिअर चुकला म्हणून मोठा अपघात झाला असं क्वचितच होतं. समोरचं दिसलं नाही, किंवा दिसलं पण त्याचा अर्थ उशिरा लागला, किंवा अर्थ वेळेवर लागला पण स्पीड इतका होता की काही करायला जागाच उरली नाही, बहुतेक वेळा हे असं असतं. आणि नेमकं हेच शिकायला महिने जातात, साध्या टेस्टमध्ये ते फारसं तपासलंही जात नाही.

१९७२ साली मूरंट आणि रॉकवेल या दोन अमेरिकन संशोधकांनी गाडी चालवताना माणसाची नजर कुठे कुठे जाते ते मोजून बघितलं होतं, नवशिक्यांची वेगळी आणि मुरलेल्यांची वेगळी. नवशिके गाडीच्या अगदी पुढ्यातला रस्ता बघत राहतात, नजर लहानशा भागातच फिरते, मिररकडे कमी जाते. मुरलेला माणूस लांबचं बघतो आणि सारखं इकडे तिकडे बघत असतो, त्याला स्वतःला ते कळतही नाही. आता कडेला पार्क केलेल्या गाड्यांची रांग घ्या. एका गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर डोकं दिसतंय, म्हणजे दार उघडू शकतं. एकीची पुढची चाकं वळलेली आहेत पण इंडिकेटर नाही, ती बाहेर निघायच्या बेतात असणार. स्टॉपवर बस उभी आहे, तिच्या पुढून कुणीतरी धावत येऊ शकतं, आणि दोन गाड्यांच्या मधे खालून लहान बूट दिसतायत त्याचा अर्थ तर सांगायलाच नको. तुम्हाला हे सगळं आपोआप दिसतं. त्याला रिकामा रस्ता दिसतो.

तुमचा जीव खालीवर होतो तो मला वाटतं इथेच. तुम्हाला काहीतरी दिसलं आणि गाडीचा स्पीड मात्र तसूभर कमी झाला नाही. मग एकतर त्याला ते दिसलंच नाही, किंवा दिसलं आणि त्याने ठरवलं की काही होत नाही. यातलं नेमकं कुठलं हे शेजारी बसून कळत नाही, तो बोलला तरच कळतं. म्हणून त्याला सांगा की चालवता चालवता मोठ्याने बोलत जा, काय दिसतंय, तिथून काय होऊ शकतं, मी काय करणार. "पुढे बस, आतली बाजू दिसत नाहीये, पाय ब्रेकवर." बस, असं. पहिल्या दिवशी त्याला वेडेपणा वाटेल, बोलता बोलता गाडी चालवणं जडही जाईल, म्हणून ओळखीच्या शांत रस्त्यावर सुरू करा आणि एका वेळी दहा मिनिटं पुरे. तो गप्प झाला की समजायचं डोक्यावर लोड आलाय, स्पीड कमी करायला सांगायचं. आणि आधी तुम्ही चालवून बोलून दाखवलंत तर फारच छान, आपण स्वतः किती गोष्टी बघत असतो ते तेव्हा समजतं (आणि किती बघत नाही तेही).

ब्रिटनने २००२ च्या नोव्हेंबरपासून लेखी परीक्षेतच हा भाग घातला, उमेदवाराला रस्त्याचे व्हिडिओ दाखवतात आणि धोका आकार घ्यायला लागला रे लागला की क्लिक करायचं, उशीर झाला की मार्क गेले. तसले सरावाचे व्हिडिओ ऑनलाइन मिळतात, गाडीत पाय न ठेवता घरी बसून करता येतं, मुलांना गेमसारखं आवडतंही.

राहिला प्रश्न सराव किती. स्वीडनने १९९३ मध्ये शिकायला सुरुवात करायचं वय साडेसतरावरून सोळावर आणलं, पण लायसन्सचं वय अठराच ठेवलं. म्हणजे मोठ्या माणसाला शेजारी बसवून चालवायला दोन वर्षं मिळाली. ज्या मुलांनी ही सवलत नीट वापरली त्यांचा सराव सरासरी ११८ तासांच्या आसपास गेला, बाकीच्यांचा ४१ ते ४७ तास, आणि लायसन्स मिळाल्यावर या जास्त सराववाल्यांचे अपघात जवळपास ४० टक्क्यांनी कमी निघाले. त्यात थोडा वाटा असाही असणार की जी कुटुंबं मुलांसोबत एवढे तास बसतात ती मुळातच काळजी घेणारी असतात, सगळं श्रेय तासांना देऊन चालणार नाही. तरी फरक मोठा आहे. आणि ते तास एकाच कॉलनीत गोल गोल फिरून काढलेले नकोत हं! पाऊस, संध्याकाळचा अंधुक उजेड, रात्र, गर्दीची वेळ, हायवे, अनोळखी चौक, हे सगळं एकेक करून तुम्ही शेजारी असताना होऊ दे. लायसन्स मिळालं म्हणून लगेच उठून मागच्या सीटवर जाऊ नका, पहिले सहा महिने सगळ्यात धोक्याचे असतात.

प्रश्न : मी १८ वर्षांचा आहे, लायसन्स मिळून दीड महिना झालाय. आम्ही पाच मित्र ट्रिपला जायचा प्लॅन करतोय आणि गाडी मीच चालवणार. बाबा म्हणतात एकटा जा किंवा आमच्यासोबत चल, पण मित्रांना घेऊन जायचं नाही. एकट्याने गेलो तर चालतं आणि मित्र असले की नाही, यात काय लॉजिक आहे? विश्वास नाही असं सरळ सांगावं ना.

उत्तर : लॉजिक आहे रे, आणि ऐकून राग येईल असं आहे. २००५ साली गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी एक प्रयोग केला, कॉम्प्युटरवर गाडीचा गेम, सिग्नल पिवळा झाला की ठरवायचं, अजून थोडं पुढे जाऊ की थांबू, उशीर केला की धडक. एकटं खेळताना तेरा ते सोळा वयाची मुलं आणि मोठी माणसं यांच्यात फारसा फरक नव्हता. शेजारी मित्र बसवल्यावर मुलांचं रिस्क घेणं साधारण दुप्पट झालं, तुझ्या वयाच्यांचंही वाढलं, मोठ्यांचं मात्र होतं तिथेच राहिलं. म्हणजे त्या मुलांना नियम माहीत नव्हते असं अजिबात नाही, एकटे असताना तीच मुलं नीट थांबत होती की.

आणि हे गेमपुरतं नाहीये. अमेरिकेत २००० साली छापून आलेल्या एका मोठ्या अभ्यासात सोळा वर्षांच्या ड्रायव्हरचा मृत्यूचा धोका एकटं चालवण्याच्या तुलनेत एक पॅसेंजर असताना साधारण ४० टक्क्यांनी जास्त दिसला, तीन किंवा जास्त पॅसेंजर असले की जवळपास पावणेतीन पट. सतरा वर्षांच्यांचं चित्रही असंच. उलट शेजारी वडीलधारं माणूस असलं तर धोका कमी होतो. तेव्हा बाबा जे दोन पर्याय देतायत ना, एकटा जा नाहीतर आमच्यासोबत, ते आकडे न बघताही अगदी बरोबर आहेत.

यात मुद्दाम कुणी "पळव पळव" म्हणायला लागतच नाही. मागे तिघं हसतायत, एकजण मोबाईलमधलं काहीतरी दाखवतोय, गाणं बदलायचंय, आणि तुला आपण फार हळू चालवतोय असं वाटायला लागतं. दीड महिन्यात हात बसतो पण नजर अजून आपोआप चालत नाही, तिला लक्ष द्यावं लागतं, आणि तेच लक्ष मागच्या सीटवर गेलेलं असतं.

न्यूझीलंडने १९८७ पासून टप्प्याटप्प्याचं लायसन्स सुरू केलं, आधी लर्नर, मग मधला बंधनांचा काळ, मग पूर्ण. मधल्या काळात शेजारी अनुभवी माणूस नसेल तर रात्री दहा ते पहाटे पाच चालवायचं नाही आणि मित्रांना घेऊन फिरायचं नाही. नंतर अमेरिकेतली राज्यं, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा बऱ्याच ठिकाणी याच धर्तीचे नियम आले आणि कोवळ्या ड्रायव्हरांचे अपघात घटले. तुझ्याकडे असा नियम असो नसो, बाबांशी असंच डील करून बघ. पहिले तीन महिने एकट्याने आणि दिवसा. मग एक मित्र, तोही असा की जो गप्प बसू शकतो आणि मॅप बघू शकतो. तुझा फोन त्याच्याकडे. मग दोन. हे सगळं कागदावर लिही, तारखा टाक, दोघांनी सही करा. बाबांच्या हातात नुसतं "विश्वास ठेवा ना" दिलंस तर ते नाहीच म्हणणार, तारखा असलेला कागद दिलास तर विचार करतील.

ही ट्रिप मात्र बस किंवा ट्रेनने करा, किंवा गाडी चालवायला कुणीतरी अनुभवी सोबत घ्या. रात्री उशिरा परत यायचा प्लॅन असेल तर जास्तच, कारण सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाची अवस्था रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसासारखी होते असं अभ्यासांमध्ये दिसलंय. तू एक थेंब न पिताही तसाच चालवणार.

प्रश्न : मी नववी ते बारावीच्या मुलांना शिकवते. शाळेत रस्ता सुरक्षेचा एक तास घ्यायला सांगितलंय. अपघाताचे भयंकर व्हिडिओ दाखवले तर मुलं घाबरून नीट वागतील असं काही सहकाऱ्यांचं मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर : मला नाही पटत. वर्गात पाच मिनिटं शांतता होते, दोघीतिघी डोळे झाकतात, मागच्या बाकावरून कुणीतरी जोक मारतं आणि संपलं. भीती टिकत नाही, आणि "हे माझ्याबाबतीत होणार नाही" हे वाटणं त्या वयात फार पक्कं असतं. नुसतं घाबरवलं आणि काय करायचं ते हातात दिलं नाही तर काही मुलं उलट विषयच डोक्यातून काढून टाकतात.

त्यापेक्षा मॅडम मुलांना मैदानात न्या. खडू, मोजपट्टी आणि एक दोरी, एवढंच लागतं. एक रेघ मारा, इथे ड्रायव्हरला समोर आलेलं मूल दिसलं. गाडी ताशी ५० किमीने येतेय म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरा, आणि हा चांगल्या, लक्ष असलेल्या ड्रायव्हरचा एक सेकंद आहे. तेवढ्यात गाडी १४ मीटर तशीच पुढे गेली, ब्रेक अजून लागलेलाच नाही. मग कोरड्या चांगल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारून थांबायला अजून साधारण १४ मीटर. एकूण २८. तिथे दुसरी रेघ मारा आणि एका मुलाला उभं करा.

आता तीच गाडी ताशी ६० ने. मुलांना आधी अंदाज करायला लावा की २८ मीटरवर उभ्या असलेल्या त्या मुलापर्यंत पोचताना तिचा स्पीड किती असेल. बहुतेक जण म्हणतील दहा, पंधरा, कारण फरकच दहाचा आहे ना. उत्तर आहे ताशी जवळपास ४० किमी! अकरावी-बारावीच्या मुलांना फळ्यावर गणित करू द्या, त्यांना सूत्रं येतात. पहिल्या सेकंदातच ती जवळपास १७ मीटर गेलेली असते, उरले ११, आणि ब्रेकमध्ये जी ऊर्जा खर्च करायची ती स्पीडच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ५० ची गाडी जिथे पूर्ण थांबते तिथे ६० ची अजून चाळीसने चालू असते. हे एकदा स्वतः मोजलं की "दहाने काय फरक पडतो" हे वाक्य निदान त्या वर्गात तरी पुन्हा कुणी म्हणत नाही. ओला रस्ता, गुळगुळीत टायर, हे घेतलं की दोरी अजून लांब करायची.

मग मोबाईल. ६० च्या स्पीडला दोन सेकंद मेसेजवर नजर टाकली तर गाडी ३३ मीटर आंधळी गेली. मुलांना तेवढं अंतर डोळे मिटून चालायला लावा, शेजारी एकजण हात धरायला असू दे. निम्म्यातच बरेच जण डोळे उघडतात. फोन वापरणाऱ्याला अपघाताचा धोका साधारण चौपट असतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि हँड्सफ्री असलं म्हणून फार फरक पडत नाही, पण आकडा सांगण्याआधी ते ३३ मीटर चालू द्या.

वेळ उरला तर अजून एक काम, घरी जाऊन आपल्या आईबाबांचं ड्रायव्हिंग आठवडाभर बघायचं आणि लिहून आणायचं, सीटबेल्ट, इंडिकेटर, फोन, पिवळ्या सिग्नलला काय करतात. मुलं हे फार आवडीने करतात. पालकांचे फोन येतील शाळेत, येऊ द्या.

प्रश्न : मुलीला बेसिक ड्रायव्हिंग येतं. एका ठिकाणी स्किड कंट्रोल (म्हणजे घसरणारी गाडी सांभाळणं) वगैरे शिकवणारा ॲडव्हान्स कोर्स आहे. महाग आहे पण तिच्या सेफ्टीसाठी करायची तयारी आहे. घालू का?

उत्तर : थांबा जरा. ऐकायला उलटं वाटेल पण नॉर्वेत १९७९ मध्ये नवीन ड्रायव्हरांना निसरड्या रस्त्यावर गाडी सांभाळायचं ट्रेनिंग सक्तीचं केलं आणि नंतर तपासलं तर तरुण मुलांचे निसरड्यावरचे अपघात वाढलेले निघाले. "आपल्याला येतं" म्हणून ती जास्त स्पीडने गेली. स्किडमधून गाडी बाहेर काढणं हे असं कौशल्य आहे की जे वापरायची वेळ वर्षानुवर्षं येत नाही, आणि आली तेव्हा सराव विसरलेला असतो, आत्मविश्वास तेवढा शिल्लक असतो. कोर्सवाल्यांना विचारा की धोका आधी ओळखायला काय शिकवता, अंतर ठेवायला काय शिकवता. उत्तरात नुसते ट्रॅक आणि गोल गोल फिरणाऱ्या गाड्या असतील तर तेच पैसे अनुभवी इन्स्ट्रक्टरसोबत पावसातल्या आणि रात्रीच्या तासांवर घाला.

एक गोष्ट मात्र रिकाम्या, सुरक्षित जागेत जरूर करून घ्या, ती म्हणजे पूर्ण ताकदीने ब्रेक मारणं. नवीन मुलं खरी वेळ आली की पायात जोरच लावत नाहीत. एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सिस्टीम) असलेल्या गाडीत ब्रेक पूर्ण दाबायचा आणि दाबूनच ठेवायचा, पाय थरथरतो, कडकड आवाज येतो, ते नॉर्मल आहे, घाबरून सोडायचा नाही, आणि त्या वेळी स्टिअरिंग वळतं हेही तिला अनुभवू दे. कमी स्पीडला सुरुवात करा, मागे कुणी नाही बघा.

प्रश्न : मी स्कूटर चालवते. जवळच जायचं असलं की हेल्मेट नुसतं डोक्यावर ठेवते, पट्टा लावत नाही. चालेल ना?

उत्तर : नाही चालणार ग. धडक बसली की सगळ्यात आधी ते हेल्मेटच उडून जातं आणि डोकं आपटतं तेव्हा ते वेगळीकडे असतं. नीट बसणारं आणि पट्टा लावलेलं हेल्मेट मेंदूला इजा होण्याचा धोका ७४ टक्क्यांपर्यंत कमी करतं असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे, पण त्यात "पट्टा लावलेलं" हे धरलेलं आहे. पट्टा लावून हेल्मेट मागून पुढे ढकलून बघ, निघत असेल तर साइज मोठी आहे. आणि एकदा पडून आपटलेलं असेल तर बाहेरून चांगलं दिसलं तरी बदल, आतला थर एकदाच दबतो.

प्रश्न : मुलीला गाडी शिकवताना मी फार ओरडतो. नंतर वाईट वाटतं. ती आता माझ्यासोबत बसायला तयार नाही, म्हणते क्लासचे सर बरे. काय करू?

उत्तर : क्लासच्या सरांना बसायला सोपं असतं, त्यांच्या पायाशी ब्रेक असतो. तुमच्याकडे फक्त आवाज आहे म्हणून तो निघतो. उपाय म्हणजे आधी बोलायचं. आपण सांगतो तेव्हा ती चौकात पोचलेली असते, आणि मग "अगं डावीकडे डावीकडे!" होतं. शंभर मीटर आधी शांतपणे, पहिलं कुठे, मग काय. "सिग्नलच्या पुढच्या चौकात, डावीकडे." चुकीच्या रस्त्याला गेली तर जाऊ द्या, पुढून वळून येता येतं.

चूक झाली की त्याच क्षणी भाषण नको. कडेला गाडी लावायची, इंजिन बंद करायचं, आणि आधी तिला विचारायचं की काय झालं असं वाटतं. बऱ्याचदा ती तुमच्यापेक्षा कडक उत्तर देते. अर्ध्या-पाऊण तासाच्या वर जाऊ नका, दोघंही थकता आणि शेवटच्या दहा मिनिटांत भांडण ठरलेलं. आणि तुम्ही ऑफिसातून वैतागून आला असाल त्या दिवशी सराव सोडून द्या, आईला किंवा मावशीला बसू दे.

तोंडातून फक्त एकच शब्द मोठ्याने निघायला परवानगी ठेवा, "ब्रेक", आणि तो कशासाठी राखून ठेवलाय ते तिला गाडी सुरू करायच्या आधी सांगा. बसल्या बसल्या हँडब्रेक कुठे आहे, तुमच्या हाताला लागतो का, तेवढं बघून ठेवा, सुरुवातीच्या दिवसांत मोकळ्या मैदानात हळू स्पीडला तो उपयोगी पडतो.